नानाखेड्याच्या बसस्थानकावरील लिंबूपाणी

वाचकहो, उन्हाळा आला की दारी आलेल्या पाहुण्याच्या हाती प्रथम काय द्यावे, हा प्रश्न अलीकडे प्रत्येक घरी पडू लागला आहे. पूर्वी तो पडत नसे. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला की यजमान मोकळा होई. आज तसे केले तर पाहुणा रागावत नाही; परंतु यजमानालाच ओशाळल्यासारखे वाटते. मग मुलाला दुकानात पिटाळायचे आणि थंड बाटली आणवायची. त्या बाटलीत काय आहे, तिच्यावर जे लिंबू छापले आहे त्यातले आत किती उतरले आहे, याचा विचार कोणी करीत नाही. आम्हीही करीत नव्हतो. यंदाच्या मे महिन्यात उज्जैन येथील नानाखेडा बसस्थानकावर तीन तास अडकून पडलो नसतो, तर आजही केला नसता.

झाले असे की आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलीचे लग्न ठरले. मुलगा मूळचा आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील कुटुंबातला, पण वडिलांच्या नोकरीमुळे उज्जैनला लहानाचा मोठा झालेला आणि आता देवासच्या एका कारखान्यात कामास असलेला. राहिलेली बोलणी पुरी करण्यासाठी बंधू, वहिनी, त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि आम्ही असे चौघे तिकडे गेलो होतो. बंधूंची श्रीगोंदे तालुक्यात दोन एकर कागदी लिंबाची बाग आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी हकिकत तिच्याभोवतीच फिरणार आहे.

नानाखेडा हा भाग उज्जैनच्या दक्षिण अंगास, इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बसस्थानक तेथेच. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल मंदिराजवळचा 'महाकाल लोक' हा विस्तीर्ण परिसर खुला झाला, तेव्हापासून या शहरात यात्रेकरूंची रीघ वाढली आहे. जेथे रीघ तेथे गाड्या, आणि जेथे गाड्या तेथे थंड पेये. स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर लिंबूपाण्याच्या हातगाड्या, उसाच्या रसाची गुऱ्हाळे, सोड्याचे ठेले, शिकंजीची दुकाने आणि थोडे पुढे गेल्यावर काचेच्या दारांची मोठी दुकाने अशी सगळी सोय होती. इंदूरची आमची गाडी बिघडली आहे, दुसरी येईपर्यंत थांबावे लागेल, असे समजले. ऊन मी म्हणत होते. अशा वेळी वहिनींनी लग्नातील पेयांचा विषय काढला.

वहिनींचे म्हणणे असे की पाचशे माणूस जेवणार, मुलाकडची मंडळी शहरातून येणार, तेव्हा प्रत्येकाच्या हाती बाटलीच पडली पाहिजे. बंधू काही बोलले नाहीत. मागल्या डिसेंबरात त्यांनी लिंबाच्या कित्येक गोण्या बाजारात नेल्या होत्या आणि तोडणीची मजुरी, हमाली व गाडीभाडे वजा जाता हातात काही राहिले नव्हते. शेवटच्या दोन गोण्या त्यांनी परत न आणता तेथेच सोडल्या. हे त्यांनी आम्हांस पूर्वी सांगितले होते. त्या दिवशी सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "आधी पिऊन तर बघू."

अशा रीतीने आमची परीक्षा सुरू झाली. वहिनींच्या पिशवीत स्टीलचे चार पेले होते. पुतण्याने बाजार फिरून जिन्नस आणावे, आमच्याकडे पाठ करून पेले भरावे आणि कोणता पेला कशाचा हे शेवटपर्यंत सांगू नये, असे ठरले. त्याने पाच जिन्नस आणले. हातगाडीवरचे ताजे लिंबूपाणी, लिंबू पिळलेला गोटी सोडा, सर्वत्र मिळणाऱ्या लिंबाच्या स्वादाच्या फसफसत्या पेयाची बाटली, बिनवायूचे बाटलीबंद लिंबूपाणी, आणि मोठ्या दुकानातून एक देखणी काचेची बाटली. तिच्यावर परदेशी घाटाची अक्षरे आणि पिवळ्याधमक लिंबाचे चित्र होते. किंमत एकशेवीस रुपये. ती ऐकून वहिनींनी कपाळावर हात मारला. पण विकत घेऊन झाली होती.

सहावा जिन्नस चुकून आला. पुतण्याने एका दुकानात "शिकंजी" मागितली. उत्तरेकडे पुष्कळ ठिकाणी शिकंजी म्हणजे मसाला घातलेले लिंबूपाणी. त्याने तेच ऐकले होते. माळव्यात मात्र इंदुरी पद्धतीची शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाचे, सुकामेवा घातलेले दाट पेय. लिंबाशी तिचा काडीचा संबंध नाही. ती उत्तम होती, आणि आम्ही ती परीक्षेबाहेर ठेवून आधीच संपवली.

पहिल्या घोटाचा निकाल सांगतो. पुतण्यास स्वतःला फसफसती बाटलीच आवडली आणि ते त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. वहिनींनी डोळे मिटून सोड्याचा पेला पसंत केला. त्यातील काळे मीठ आणि जिरे त्यांस भावले. आम्हांस काचेच्या बाटलीतील पेय नाजूक व सुवासिक वाटले, पण ते आपल्या ओळखीचे लिंबू नव्हे एवढे मात्र कळले. बंधूंनी एकेक घोट घेतला आणि पहिल्याच दमात हातगाडीचा पेला वेगळा काढून ठेवला. "हे आजचे लिंबू आहे, सालीसकट दाबलेले आहे," ते म्हणाले. खरोखर, लिंबाचा वास रसात थोडा आणि सालीतल्या तेलात फार असतो. गाडीवाला लाकडी चिमट्यात अर्धे लिंबू दाबतो तेव्हा रसाबरोबर सालीच्या तेलाचे दोन थेंबही उतरतात. जिभेच्या कडेला लागणारी ती किंचित कडवट, तरतरीत चव तेथूनच येते.

काचेच्या बाटलीविषयी त्यांनी जे सांगितले तेही बरोबर निघाले. त्यातील लिंबू आपले कागदी लिंबू नव्हते. युरोपातील पिवळे, लांबट, जाड सालीचे लिंबू आणि आपले लहान, पातळ सालीचे कागदी लिंबू ही एका गोत्यातील असली तरी निरनिराळी फळे आहेत. पिवळ्याचा सुवास गोडसर, आपल्याचा तिखट. बाटलीवरील बारीक अक्षरांत लिंबाच्या आटवलेल्या रसाचे प्रमाण दिले होते, म्हणजे आत लिंबू होते, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

मग आम्ही उरलेल्या बाटल्यांची बारीक अक्षरेही वाचू लागलो. चाळिशी विसरली होती, म्हणून पुतण्या मोठ्याने वाची. फसफसत्या बाटलीवर वायुमिश्रित पाणी, साखर, आम्लता नियंत्रक क्रमांक ३३०, परिरक्षक क्रमांक २११ आणि स्वाद, अशी यादी होती. शेवटी 'यात फळ नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. बंधूंनी ती दोनदा वाचावयास लावली.

हा क्रमांक ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबाला आंबट करणारे तेच द्रव्य. कार्ल शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून प्रथम वेगळे काढले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे जगाला लागणारे हे आम्ल खऱ्या लिंबांपासूनच बनत असे आणि इटलीतील बागाईतदारांचा त्यावर मोठा संसार चाले. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले की एक काळी बुरशी साखरेच्या पाण्यावर वाढविली तर ती हेच आम्ल भरपूर प्रमाणात तयार करते. दोन वर्षांत त्याचा कारखाना उभा राहिला आणि लिंबाची गरज संपली. ही बुरशी आपल्या शेतकऱ्यांस अनोळखी नाही. चाळीत साठविलेल्या कांद्याच्या सालीखाली जी काजळीसारखी काळी भुकटी धरते, ती बहुधा हीच. आणि तिला खाद्य म्हणून साखर कारखान्याची मळीसुद्धा चालते. तेव्हा ज्याला आपण लिंबाचा आंबटपणा समजतो तो बहुतेक बाटल्यांत बुरशीचा, आणि कधी कधी उसाचाही, असतो. त्यात विष नाही. आम्ल तेच आहे, शरीरास त्याचा फरक कळत नाही. पण लिंबाच्या शेतकऱ्यास कळतो.

बंधू हे ऐकून काही वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "म्हणजे ऊसवाल्याचे लिंबू खपते आणि लिंबूवाल्याचे नाही."

यावर थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण आपल्या वाचकांत लिंबाचे बागाईतदार पुष्कळ आहेत. लिंबाचे झाड वर्षातून तीनदा बहरते. आंबे बहार आणि मृग बहार सहज येतात. त्यांची फळे पावसाळ्यात व हिवाळ्यात बाजारात येतात, आणि तेव्हा सरबत कोणी पीत नाही. उन्हाळ्यात फळ हवे तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. नेमक्या त्या दिवसांत पाऊस पडला की ताण मोडतो आणि बहार हुकतो. हलक्या जमिनीत तो थोडाफार साधतो, भारी जमिनीत नाही. म्हणून डिसेंबरात गोणी टाकून द्यावी लागते आणि २०२२ च्या एप्रिलसारख्या महिन्यात शहरात एकेक लिंबू दहा रुपयांस विकले जाते. हिवाळ्यातला रस कोणी विकत घेऊन उन्हाळ्यापर्यंत साठविला असता तर ही दोन टोके जुळली असती. बाटल्या भरणाऱ्या कंपन्यांस ते जमण्यासारखे आहे. पण बुरशीपासून झालेले आम्ल बाराही महिने एका भावात मिळत असताना त्यांनी ते का करावे?

सरकारच्या ध्यानात ही गोष्ट आली नाही असे नाही. २०१४ च्या सप्टेंबरात कर्नाटकातील तुमकूर येथे अन्नप्रक्रिया उद्यानाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांनी शीतपेयांच्या कंपन्यांस पाच टक्के फळांचा रस मिसळण्याचे आवाहन केले होते. फळांच्या रसाचे वायुमिश्रित पेय म्हणून विकावयाचे तर इतर फळांचा रस दहा टक्के आणि लिंबाचा पाच टक्के तरी असावा, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. लिंबू आंबट, म्हणून त्याला निम्मी सवलत. पण नुसते 'लिंबाच्या स्वादाचे' म्हणून विकले तर हा नियम लागत नाही. ही चित्राची आणि फळाची तफावत कधी कधी मोठ्या गमतीची वळणे घेते. 'निंबूझ' नावाचे बाटलीबंद पेय करआकारणीसाठी लेमोनेड समजावे की फळाच्या रसाचे पेय समजावे, हा वाद २०२२ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आमच्या बंधूंस विचारले असते तर त्यांनी एका घोटात निकाल दिला असता, असे वहिनींचे मत पडले.

गोटी सोड्याचा ठेला चालविणारे वृद्ध गृहस्थ आमचे मराठी बोलणे ऐकून मराठीतच बोलू लागले. उज्जैनला आश्चर्य वाटू नये. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत शिंद्यांचे मुख्य ठाणे येथेच होते आणि तेव्हापासूनची मराठी घराणी या शहरात आहेत. त्यांनी पुतण्याला बाटलीची करामत समजावून दिली. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. बाटली उलटी धरून भरतात. आतील वायूचा दाब काचेची गोटी तोंडाशी असलेल्या रबरी कड्यावर घट्ट दाबून धरतो, म्हणून निराळे बूच लागत नाही. गोटी खाली ढकलली की तो ओळखीचा आवाज होतो. पाण्यात वायू मिसळण्याची युक्ती त्याहूनही जुनी. जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये इंग्लंडात लीड्स येथे एका मद्याच्या भट्टीशेजारी राहत असताना ती शोधली आणि याकोब श्वेप यांनी १७८३ मध्ये जिनीव्हात तिचा धंदा सुरू केला. आमच्या पिढीला मात्र सोडा म्हणजे जत्रेतील गोटी, आणि लग्नातील थाट म्हणजे नारिंगी 'गोल्ड स्पॉट'. १९७७ मध्ये कोकाकोला देश सोडून गेली तेव्हा देशी पेयांचे दिवस आले. १९९३ मध्ये ती परतली आणि 'थम्स अप', 'लिम्का', 'गोल्ड स्पॉट' ही सारी नावे तिनेच विकत घेतली. 'गोल्ड स्पॉट' पुढे दिसेनासे झाले. वहिनींनी त्यासाठी एक सुस्कारा सोडला. त्यांच्या स्वतःच्या लग्नात तेच होते.

खरी परीक्षा तासाभराने झाली आणि ती आम्ही योजलेली नव्हती. पेल्यांत थोडे थोडे उरले होते. उन्हाने ते कोमट झाले, वायू उडून गेला. पुतण्याने सहज आपल्या आवडीच्या पेल्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. नुसता पाक. थंडपणा आणि वायूचा झिणझिणाट हे दोन पडदे दूर झाले की साखर उघडी पडते. बाटलीवर तिचा आकडा होता. शंभर मिलिलिटरला सुमारे दहा ग्रॅम. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम, पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की मोठ्या माणसाने वरून घेतलेली साखर दिवसाकाठी साधारण पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी आणि पंचवीसच्या आत ठेवल्यास अधिक बरे. एका बाटलीत तो हिशेब आटोपतो. वहिनींस मधुमेह आहे. लग्नघरात दिवसभरात चार पाहुण्यांसोबत चार बाटल्या त्यांना घ्याव्या लागल्या असत्या, कारण पाहुण्यांबरोबर न पिणे हेही आपल्याकडे वाईट दिसते. हातगाडीचे पाणी कोमट झाले तरी लिंबूपाणीच राहिले होते. शिवाय त्यात साखर किती घालावी हे सांगण्याची सोय होती. वहिनींनी दुसरा पेला केवळ मिठाचा मागून घेतला.

हातगाडीची बाजूही निर्दोष नाही. बर्फ कोठला, पाणी कोठले, हे विचारल्याशिवाय तेथे पेला तोंडास लावू नये. आम्ही बर्फ घालू दिला नाही आणि पाणी आमच्याच बाटलीतले दिले. गाडीवाल्याने राग मानला नाही.

गाडी आली तेव्हा बंधूंनी खिशातील जुन्या तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडलेला होता. पाचशे माणसांस वीस रुपयांची बाटली म्हणजे दहा हजार रुपये. तेच सरबत केले तर माणशी एक लिंबू, म्हणजे एकवीस-बावीस किलो. मे महिन्याच्या चढ्या भावाने धरले तरी अडीच-तीन हजारांच्या पुढे नाही, आणि तेही घरच्या बागेतले. साखर नऊ किलो, सुमारे चारशे रुपये. वहिनींनी आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पैशाचं नाही हो. मुलाकडच्यांना वाटेल, आपण हात आखडला." हे उत्तर हिशेबात बसणारे नव्हते आणि ते खोटेही नव्हते. काना गावच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांस पेय पुरले नाही तेव्हा प्रथम अस्वस्थ झाली ती एक बाईच, हे वाचकांस ठाऊक आहे. शेवटी असे ठरले की मुलाकडच्या मंडळींसाठी चार खोकी बाटल्या ठेवाव्या आणि बाकी सर्वांस सरबत द्यावे.

लग्न मे महिन्याच्या अखेरीस झाले. मिस्सा आटोपून मंडळी मांडवात आली आणि सरबताचे पहिले पिंप पाहता पाहता रिकामे झाले. गंमत अशी की मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी बाटल्या बाजूस सारून सरबतच मागितले आणि बाटल्यांवर आमच्या गावच्या पोरांनी हल्ला केला. परंतु दुसऱ्या पिंपाने फजिती केली. आचाऱ्याने वेळ वाचविण्यासाठी ते पहाटेच बिया-चोथ्यासकट पिळून ठेवले होते. लिंबाच्या बियांत व पांढऱ्या सालीत एक द्रव्य असते. रस त्यांच्यासह राहिला की काही तासांत कडू होत जातो. दुपारी पाहतो तो रस तोंडात धरवेना. वीस-पंचवीस माणसे रांगेत उभी, आणि वहिनींनी हट्टाने आणविलेली शेवटची दोन खोकी त्या वेळी उपयोगी पडली. त्यांनी ती उघडताना बंधूंकडे एकदाच पाहिले.

ज्यांना पुढील उन्हाळ्यात असे सरबत करावयाचे आहे त्यांनी रस ऐनवेळी, वाढण्यापूर्वी तासभर पिळावा आणि लागलीच गाळून घ्यावा. बंधूंनी तेवढ्यासाठी आता जाड कापडाच्या दोन गाळण्या शिवून घेतल्या आहेत. धाकट्या पुतण्याचा पहिला कम्युनियन येत्या वर्षी आहे.